बुडालेला रोज

१८९३ च्या सप्टेंबरात लंडनला रग्बी चालवणाऱ्या संघटनेची सर्वसाधारण सभा भरली. यॉर्कशायरच्या क्लबांनी तिच्यापुढे एक मागणी ठेवली. आमच्याकडचे खेळाडू कोळशाच्या खाणींत आणि कापडगिरण्यांत राबतात, सामन्यासाठी त्यांना काम टाकून निघावं लागतं आणि त्यांचा रोज बुडतो. तेवढा रोज क्लबाला भरून देऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खेळण्याचा मोबदला कोणी मागितला नव्हता. कामावर थांबले असते तर हातात जे पडलं असतं, तेवढंच मागितलं होतं. २८२ विरुद्ध १३६ मतांनी ती मागणी फेटाळली गेली. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधल्या वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि कामाच्या बुडालेल्या दिवसासाठी सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याचं ठरवलं. त्या फुटीतून रग्बी लीग हा वेगळा खेळ निघाला. मूळचा खेळ, म्हणजे रग्बी युनियन, पैशाला न शिवण्याचा नियम पुढे शंभर वर्षं पाळत राहिला. ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत तो मागे घेतला गेला.

फेटाळणाऱ्या २८२ जणांना खलनायक ठरवून भागणार नाही. पैसा शिरला की जुगार शिरेल, खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू होईल, खेळातला आनंद संपेल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरची चूल शनिवारच्या मजुरीवर पेटत नव्हती. खेळाडूचं घर कोण चालवतं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही, कारण त्यांच्या घरी तो कधी उभाच राहिला नव्हता. एक उदात्त वाटणारा नियम माणसांची खिशावरून विभागणी करत होता आणि तो करणाऱ्यांना ते दिसत नव्हतं.

या नियमाचा जाच खेळ सुटल्यावरही संपत नसे. बिल ब्यूमॉन्ट हा इंग्लंडचा कर्णधार. १९८० मध्ये त्याच्या संघानं फाइव्ह नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकून ग्रँड स्लॅम मिळवला. दुखापतीमुळे १९८२ मध्ये त्याला थांबावं लागलं. त्यानं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं मानधन स्वतःकडे ठेवलं आणि तेवढ्यावरून तो व्यावसायिक ठरला. ज्या खेळात आयुष्य घातलं त्याच खेळाची दारं त्याला काही काळ बंद झाली. हाच ब्यूमॉन्ट २०१६ मध्ये जागतिक रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला, तेव्हा काळ किती बदलला होता ते दिसतं. तरी मला त्या पहिल्या निर्णयामागचं मन महत्त्वाचं वाटतं. खेळाडूचं शरीर आमचं, त्याचा घाम आमचा, त्याची कीर्तीही आमची. पुढचं आयुष्य मात्र त्याचं त्यानं पाहावं. हे मन नियम बदलल्यानं जात नाही. आपल्याकडेही ते ठाण मांडून आहे, आणि या लेखाचं भांडण त्याच्याशी आहे.

हिंगोली जिल्ह्यात रोज बुडणं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मग काढणी, शिजवणं, वाळवणं, घोळणं अशी कामं एकामागून एक येतात आणि घरातला प्रत्येक हात मोजला जातो. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या, हे इथलं वर्षाचं गणित. अशा घरातलं पोर दोन तास मैदानावर गेलं तर ते दोन तास कोणाच्या तरी खांद्यावर पडतात. शिबिरासाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेलं तर पंधरा दिवसांची हजेरी जाते. कोळसा खणणाऱ्या यॉर्कशायरच्या माणसाची मागणी मला म्हणूनच परकी वाटत नाही. तो वसमतच्या किंवा सेनगावच्या शिवारातल्या माणसासारखाच बोलत होता.

खेळाडूच्या कारकिर्दीचा हिशेब आपण पदकांत आणि सामन्यांत करतो. तो बुडालेल्या हजेरीत करावा, असं माझं म्हणणं आहे. सरावात गेलेले दिवस, शिकण्याच्या वयात न शिकलेलं काम, आणि चाळिशीत ठणकू लागणारं शरीर, हे सगळं त्या हजेरीत येतं. ज्यानं निवड केली, छातीवर राज्याचं किंवा देशाचं चिन्ह लावलं, त्यानं ती हजेरी भरून द्यायची. हे देणं आहे, आणि देणं मागायला कोणी हात जोडायची गरज नसते.

आता आपल्याकडच्या रग्बीकडे पाहू. हा खेळ भारतात आला तो साहेबांच्या क्लबांतून. कलकत्त्याचा क्लब १८७८ मध्ये बंद झाला तेव्हा खात्यात उरलेल्या चांदीच्या रुपयांची नाणी वितळवून त्यांनी एक चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवून दिला; इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या ‘कलकत्ता कप’साठी खेळतात. मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे जिमखाना ही संस्थाही तेव्हा गोऱ्यांचीच होती. रग्बीची जुनी अखिल भारतीय स्पर्धा १९२४ पासूनची आहे, पण भारताच्या नावानं संघ उभा राहून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला १९९८ उजाडलं. त्या पहिल्या संघात मुंबईचा राहुल बोस होता. आपल्याला तो नट म्हणून माहीत आहे, ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’मुळे. रग्बीत तो स्क्रम-हाफ आणि विंग या जागांवर खेळला, सुमारे दशकभर देशाच्या संघाशी जोडलेला राहिला आणि पुढे भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला. महाराष्ट्रातल्या एखाद्या माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटूचं नाव सांगा म्हटलं, तर बहुतेकांना हेच एक आठवेल.

त्याची कारकीर्द मी आदरानं पाहतो. नाव झालेल्या नटानं चेहरा आणि हाडं पणाला लावून असा अंगावर येणारा खेळ खेळणं सोपं नाही, आणि खेळ सुटल्यावर त्याच खेळाच्या कारभाराला लागणं तर त्याहून दुर्मीळ. पण ही कारकीर्द शक्य झाली, कारण पोटाची सोय दुसरीकडे होती. पहिल्या पिढीतल्या अनेकांचं तसंच होतं. शहरातला, शिकलेला, दुसरा व्यवसाय हातात असलेला माणूस हौसेनं रग्बी खेळे. खेळ थांबला की दुसरा व्यवसाय वाट पाहत असे. १८९३ च्या सभेत २८२ जणांच्या डोळ्यांसमोर हाच खेळाडू होता.

गेल्या वीस वर्षांत खेळाडू बदलला. जून २०१९ मध्ये मनिला इथं भारताच्या महिला संघानं सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. शेवटच्या मिनिटांत पेनल्टीची किक मारून विजयाचे गुण मिळवणारी सुमित्रा नायक ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत वाढलेली. त्याच संघात बिहारची स्वीटी कुमारी होती. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा. तिच्या हातात फिजिओथेरपीची पदवी आहे, म्हणजे खेळानंतरचा रस्ता तिनं खेळतानाच आखला होता. या संघाकडे नीट पाहिलं की आपल्या रग्बीची आजची स्थिती कळते. जिच्याकडे व्यवसाय आहे अशी एक, आणि जिच्या घरी एका माणसाची मजुरी गेली तर तेल-मिठात फरक पडतो अशाही काही, एकाच स्क्रममध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या. अंगावरचे ओरखडे दोघींना सारखेच. खेळ संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र सारखी नाही. खेळाडू बदलला आणि हिशेबाची वही मात्र हौशी माणसाच्या काळातलीच राहिली, हे आजचं खरं दुखणं आहे.

या दुखण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला कुस्तीतला आहे आणि तो आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. इतका तोंडपाठ, की त्याचा अर्थ लावायचं आपण विसरलो. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथं ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ साल लागलं. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि खाशाबा कुस्त्यांची मैदानं मारत फिरू लागले, कारण प्राचार्यांचं घर सोडवायचं होतं.

इथं थोडं थांबून पाहिलं पाहिजे. देशाच्या पदकाचं कर्ज खेळाडूनं स्वतःच्या अंगानं फेडलं. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. त्यांच्या नावाचा जिथं जिथं गौरव होतो, तिथं ‘उपेक्षा’ हा शब्द येतो आणि सगळे हळहळतात. मला ती हळहळ पुरेशी वाटत नाही. उपेक्षा म्हणजे लक्ष न जाणं, आणि खाशाबांकडे लक्ष तर गेलं होतं. नाहीतर बैलगाड्या कशाला जुंपल्या असत्या? कमी पडला तो कायदा. खेळाडूचं देणं अमुक, ते अमक्या खात्यानं अमक्या तारखेला द्यायचं, असं कुठं लिहिलेलंच नव्हतं. लिहिलेलं नसलं की सगळं मेहेरबानीवर चालतं, आणि मेहेरबानी करणारा बदली होऊन गेला की फाईल कपाटात पडून राहते.

आज परिस्थिती बरी आहे, हे मान्य करायलाच हवं. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मराठवाड्यातल्याच पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण जिंकला आणि पोलीस उपअधीक्षक झाला. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर महसूल खात्यात अधिकारी झाली. खाशाबांच्या पिढीला हे स्वप्नातही दिसलं नसतं. केंद्राची निवृत्तिवेतन योजना १९९४ पासून आहे. ऑलिम्पिक पदकविजेत्याला महिन्याला २० हजार रुपये मिळतात. पण या सगळ्या सोयींचं कुलूप एकाच किल्लीनं उघडतं, आणि ती किल्ली म्हणजे पदक किंवा प्रमाणपत्र.

रग्बीसारख्या खेळात हे गणित कोलमडतं. पंधरा जणांचा संघ. त्याला सराव करायला समोर आणखी पंधरा हवेत. देशाच्या संघात कोणी पोचावं यासाठी राज्याच्या संघात, जिल्ह्याच्या संघात, शाळेच्या मैदानावर शेकडोंनी धक्के खाल्लेले असतात. पदक मिळवणारा या सगळ्यांच्या खांद्यावर उभा असतो. त्यात भारताचा रग्बी संघ आशियाई पातळीवर अजून धडपडतो आहे. देशासाठी दहा वर्षं खेळून एकही मोठं पदक न मिळालेला खेळाडू या खेळात नेहमीचाच आहे, आणि पदकाच्या योजनेत त्याला जागा नाही. त्याच्यासाठी उरतो तो हलाखीत सापडलेल्या खेळाडूंचा कल्याण निधी. म्हणजे आधी हलाखीत जा, ती कागदावर सिद्ध कर, मग ये. देशाच्या जर्सीत खेळलेल्या माणसाला दारिद्र्याचा दाखला घेऊन रांगेत उभं करणारी रचना मला लाजिरवाणी वाटते.

सगळा भार प्रमाणपत्रावर टाकला की आणखी एक वाईट गोष्ट घडते, आणि ती आपल्याकडे घडूनही गेली. ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंग या खेळांची बनावट प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण महाराष्ट्रात गाजलं, त्याचे धागे मराठवाड्यातही निघाले. ज्यांनी हे केलं त्यांना शिक्षा व्हावीच. पण खेळाचं एकमेव फळ जर एक कागद असेल, तर बाजार त्या कागदाचाच भरणार. मैदानावरचा घाम खोटा करता येत नाही. प्रमाणपत्र करता येतं.

हिंगोली जिल्ह्याचं खरं क्रीडाविश्व कुठं आहे, हे पाहायचं तर पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर जावं. भरतीची पोरं धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, वर गोळाफेक. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे, तेव्हा वर्दी इथल्या मुलांना रोज डोळ्यांसमोर दिसते. ही मुलं खेळाडू नाहीत असं कोण म्हणेल? त्यांची छाती, त्यांचे पाय, त्यांची जिद्द कुठल्याही प्रशिक्षकाला हेवा वाटावा अशी आहे. पण ती धावतात एका दिवसासाठी, भरतीच्या दिवसासाठी, आणि त्यांच्यातले बहुसंख्य त्या दिवशी गळतात. गळल्यावर त्या शरीराचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात जणांचा आणि प्रत्येकी सात मिनिटांच्या दोन डावांचा प्रकार, २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. त्याला एक चेंडू, दातांना गार्ड आणि मोकळं मैदान पुरतं. धिप्पाड, चपळ, बुटका, उंच, सगळ्या बांध्यांना त्यात जागा मिळते. अशा खेळाला हिंगोलीसारखा जिल्हा मिळाला तर खेळाचं भलं होईल, यात मला शंका नाही. जिल्ह्याचं भलं होईल का, हे मात्र एका गोष्टीवर ठरेल: त्या पोरांचा बुडालेला रोज कोणी मोजतो आहे की नाही.

हिंगोली शहराला अशा हिशेबाचा जुना परिचय आहे. निजामाच्या काळात हिंगोली हे लष्करी ठाणं होतं. पलटण, रिसाला, तोफखाना ही नावं आजही शहरात नांदतात, आणि त्यांच्याच जोडीला पेन्शनपुरा आहे. ज्या सत्तेनं शिपायाचं अंग वापरलं, तिनं तो थकल्यावर त्याचं काय करायचं याचा विचार केला होता, हे या वस्तीच्या नावातच दिसतं. ती सत्ता आपली नव्हती आणि तिचं गुणगान मला करायचं नाही. पण जे एका सरंजामी राजवटीला सुचलं ते प्रजासत्ताकाला सुचू नये, हे मला पटत नाही.

शरीराबद्दल आपण फारच कमी बोलतो. रग्बीत धडक हा अपघात नसून खेळाचाच भाग आहे. गुडघ्याचे स्नायुबंध तुटणं, खांदा निखळणं, बोटं मोडणं ही नेहमीची बाब. त्याहून भयंकर ते, जे क्ष-किरणात दिसत नाही. इंग्लंडनं २००३ चा विश्वचषक जिंकला तेव्हा संघात स्टीव्ह थॉम्प्सन होता. डिसेंबर २०२० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्यानं जाहीर केलं की आपल्याला स्मृतिभ्रंश जडला आहे आणि तो अंतिम सामना जिंकल्याचं आठवत नाही. वेल्सचा अ‍ॅलिक्स पोपहॅम आणि इतर काही खेळाडू त्याच्यासोबत न्यायालयात गेले. डोक्यावर वारंवार बसणारे धक्के मेंदूला पोखरतात, आणि खेळ चालवणाऱ्यांनी आमची पुरेशी काळजी घेतली नाही, अशी त्यांची तक्रार. श्रीमंत देशातल्या, पगारी खेळाडूंची ही गत. मग जिथं सामन्याच्या वेळी मैदानाशेजारी डॉक्टर उभा असेल याचीच खात्री नाही, तिथल्या खेळाडूच्या चाळिशीचा विचार कोणी केला आहे? दुखापतीचा विमा बहुतेकदा स्पर्धेपुरता असतो. गुडघा मात्र स्पर्धेची तारीख पाहून दुखत नाही. तो पंधरा वर्षांनी दुखतो, शेतात वाकताना, हळदीचं पोतं उचलताना.

इथं न्यूझीलंडकडून घेण्यासारखं आहे. रग्बी म्हटलं की त्यांचा काळा पोशाख आणि सामन्याआधीचा हाका नाच सगळ्यांना आठवतो. त्यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली अपघात-भरपाईची सार्वजनिक व्यवस्था मात्र कोणाला आठवत नाही. तिथं माणूस कामावर जखमी होवो, रस्त्यावर होवो की शनिवारी गावच्या क्लबात रग्बी खेळताना होवो, चूक कोणाची हे न विचारता उपचारांचा भार उचलला जातो, आणि पहिला आठवडा सोडला तर तो कामावर परतेपर्यंत त्याच्या कमाईच्या ८० टक्के रक्कम त्याला मिळत राहते. मालक, कामगार, वाहनधारक आणि सरकार या सगळ्यांच्या वर्गणीतून ती चालते. यॉर्कशायरच्या खाणकामगारानं १८९३ मध्ये जे मागितलं होतं त्याचा मोठा भाग एका देशानं आपल्या सगळ्या नागरिकांसाठी कायद्यात घालून दिला. छोट्या लोकसंख्येचा तो देश रग्बीत इतका पुढे का, याची अनेक कारणं असतील. आई-बापाला पोराला मैदानावर पाठवताना पोटाची धास्ती कमी वाटते, हे त्यातलं एक असावं, असं मला मनापासून वाटतं.

यावर आक्षेप येतात आणि त्यातला एक फार वजनदार आहे. शेतमजुराला पेन्शन नाही, ऊसतोड बाईच्या झिजलेल्या कमरेची भरपाई नाही, मग खेळाडूचेच एवढे लाड कशासाठी? हिंगोलीत हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चूक म्हणू शकत नाही. ऊसतोड बाईचं देणंही बाकी आहे आणि ते मोठं आहे. पण तिला मिळालं नाही म्हणून कोणालाच नको, हा न्याय सगळ्यांना सर्वांत खालच्या पायरीवर नेऊन बसवतो. शिवाय खेळाडूच्या बाबतीत देणेकरी स्पष्ट आहे. त्याला कोणीतरी निवडलं, शिबिराला बोलावलं, अमुक खा, तमुक सोड, परीक्षा पुढे ढकल असं सांगितलं, आणि त्याच्या विजयाच्या दिवशी सत्काराला फुलं घेऊन पुढे आलं. देणं कोणाकडे हे इथं शोधावं लागत नाही. खेळाडूपासून सुरुवात केली, तर कामानं झिजलेल्या शरीराचं देणं असतं हे तत्त्व एकदा कागदावर येईल. मग ऊसतोड बाईसाठी भांडणाऱ्यालाही त्यावर बोट ठेवता येईल.

दुसरा आक्षेप, की नोकरी दिली म्हणजे झालं. नोकरी हवीच. पण देशासाठी खेळलेल्या माणसाच्या अंगात जे ज्ञान साठलेलं असतं, टॅकल करताना डोकं कुठं ठेवायचं, पडताना खांदा कसा वळवायचा, हरत असताना संघ कसा धरून ठेवायचा, ते बंदोबस्तावर उभं राहून किंवा फायलींवर सह्या करून कोणाच्या उपयोगी पडत नाही. असा माणूस ज्या दिवशी मैदान सोडतो त्या दिवशी जिल्ह्याचंही नुकसान होतं. खेलो इंडिया योजनेत माजी खेळाडूनं चालवायची जिल्हा केंद्रं आहेत, निवृत्त खेळाडूंना प्रशिक्षण देण्याची ‘रीसेट’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली. दिशा बरोबर आहे. पण वर्षाच्या अनुदानावर चालणारं केंद्र आणि कायम पद यांत फरक आहे. दर जिल्ह्याला दोन-तीन माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, आरोग्य विम्यासह, कायम वेतनावर, आणि त्यांच्याकडे जिल्हा परिषदेच्या व आश्रमशाळांच्या मुला-मुलींचं प्रशिक्षण, एवढं तरी व्हावं. कळमनुरीतली आंध आदिवासी मुलं, सेनगावच्या तांड्यांवरची बंजारा मुलं ज्या शाळांत शिकतात, तिथं हे शिक्षक पोचले पाहिजेत. जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडा संकुल बांधून ते काम होत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी निकडीचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. शेजारच्या परभणीत, ज्या जिल्ह्यातून १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाला, हा आकडा ४८ टक्के होता. सतरा वर्षांच्या मुलीचा बाप लग्नाची घाई करतो तेव्हा त्याच्या मनात सुरक्षितता असते, खर्च असतो, लोक काय म्हणतील हे असतं. त्याला खेळाचं महत्त्व सांगून पटत नाही. या मुलीला महिन्याला इतकी शिष्यवृत्ती, शिबिरात मुक्कामाला बाई प्रशिक्षक, आणि पंचवीस वर्षांची झाल्यावर इथल्याच शाळेत शिकवण्याची नोकरी, असं लिहून मिळालं तर तो विचार करील. मैदानावर खेळून आलेली, आज पगार घेणारी एखादी बाई त्याला दाखवता आली तर अधिकच करील. अशी बाई जिल्ह्यात असणं हीच माजी खेळाडूच्या कारकिर्दीची सर्वांत मोठी कमाई आहे, आणि ती पदकांच्या यादीत कधी दिसणार नाही.

पैसा कुठून, हा शेवटचा प्रश्न. २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी स्पर्धा झाली. प्रायोजक आले, प्रक्षेपण झालं. खेळ बाजारात उतरला हे वाईट नाही. शंभर वर्षं पैसा न घेण्याच्या हट्टानं काय झालं ते आपण पाहिलं. बाजारात उतरलेल्या खेळाच्या प्रत्येक करारातून ठरलेला हिस्सा खेळाडूंच्या निवृत्तिनिधीत जावा, तेवढीच भर राज्यानं आणि केंद्रानं घालावी, आणि त्या निधीतून वयाच्या चाळिशीनंतर देशासाठी खेळलेल्या सामन्यांच्या प्रमाणात प्रत्येकाला वेतन मिळावं, पदक असो वा नसो. ऑलिम्पिक पदकासाठी दिल्या जाणाऱ्या कोट्यवधींच्या बक्षिसांना माझा विरोध नाही. पण एकाला कोट्यवधी आणि त्याच्यासोबत घाम गाळलेल्या शंभरांना शून्य, हा हिशेब बदलायला हवा.

आणि सुरुवात निवडपत्रापासून व्हावी. आज जिल्ह्यातल्या मुलाच्या हातात शिबिराचं पत्र पडतं त्यात तारीख, ठिकाण, सोबत काय आणायचं एवढं लिहिलेलं असतं. त्याच पत्रावर, त्याच्या आई-बापाला वाचता येईल अशा मराठीत, शिबिराच्या दिवसांची घरची मजुरी कोण भरणार, दुखापत झाली तर उपचार कुठं आणि किती वर्षं, खेळ थांबल्यावर कोणतं काम आणि किती वेतन, हे लिहून खाली अधिकाऱ्याची सही असावी. सही देणाऱ्याला ते जड वाटलं, तर मुलाला बोलावण्याआधी त्यानं पुन्हा विचार करावा.